दातवण, मशेरी आणि मंजन

महाराष्ट्रात दात घासायला जे जे वापरले गेले, त्यातल्या बहुतेक वस्तूंनी दातांवर स्वतःचा रंगही ठेवला. दातवणाने दात काळे झाले, मशेरीने तपकिरी, लाल मंजनाने हिरड्यांच्या कडा तांबूस. राखुंडीने रंग ठेवला नाही, पण दातांची पांढरी कवची झिजवून आतला पिवळेपणा उघडा पाडला. दात शुभ्र असावेत ही अपेक्षा जुन्या काव्यात भरपूर दिसते. कुंदकळ्या आणि मोती तिथे पावलोपावली भेटतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र दातांच्या रंगाला सौभाग्य, वय आणि ऐपत असे निराळेच अर्थ चिकटलेले होते.

सर्वांत जुने साधन म्हणजे झाडाची काडी. सुश्रुतसंहितेत दंतकाष्ठाचे माप दिलेले आहे: लांबी 12 अंगुळे, जाडी करंगळीच्या टोकाएवढी, काडी सरळ, बिनगाठीची आणि ताजी. चवीनुसार झाडेही सांगितली आहेत. कडू चवीत कडुनिंब, तुरट चवीत खैर, गोड चवीत मोह आणि तिखट चवीत करंज श्रेष्ठ. देशावर कडुनिंब आणि बाभूळ या दोन काड्या विसाव्या शतकापर्यंत टिकल्या. काडीचे टोक चावून कुंचा करायचा, तो हिरडीपासून टोकाकडे फिरवायचा, आणि शेवटी काडी उभी चिरून तिच्या एका फाकेने जीभ खरवडायची, अशी ही रीत. कोकणात आणि गोव्यात काडीऐवजी आंब्याचे पान घडी घालून वापरत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या आणि उपवासाच्या दिवशी धर्मशास्त्राने काडी वर्ज्य ठरवली होती. त्या दिवशी पाण्याच्या 12 चुळा भरल्या की काम भागे. शास्त्रकारांच्या यादीत हे सारे शुद्धतेसाठी होते, रंगासाठी नव्हे.

रंगाचा विचार सुश्रुताने दंतरोगांत केला आहे आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. दातांवर साचून कडक होणाऱ्या मळाला त्याने दंतशर्करा म्हटले. ती काढण्यासाठी दंतशंकू नावाचे शस्त्र सांगितले, मुळांना इजा न करता काढावी अशी ताकीद दिली, आणि काढल्यावर लाखेचे चूर्ण मधात कालवून चोळावे असे लिहिले. आजच्या दवाखान्यात खरवडून दात साफ करतात तेव्हा याहून वेगळे काही घडत नाही, फक्त शस्त्राच्या जागी कंप पावणारे यंत्र आलेले असते. दुसरा विकार श्यावदंताचा. रक्तात मिसळलेल्या पित्ताने दात आतून जळतो आणि काळपट किंवा निळसर होतो, असे त्याचे वर्णन आहे. मार बसून ज्या दाताचा गाभा मरतो तो दात आत झिरपलेल्या रक्तामुळे असाच काळवंडतो. दालन आणि भंजन या विकारांबरोबर सुश्रुताने श्यावदंत असाध्य ठरवला. बाहेरून चढलेला रंग काढता येतो, आतून मुरलेला निघत नाही, हा भेद इतक्या लवकर कुणाच्या तरी ध्यानात आला होता. तो निकाल बदलायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

बाहेरचा रंग मुख्यतः विड्याचा. पान, सुपारी, चुना आणि कात तोंडात एकत्र आले की लाल लाळ सुटते. सुपारी आणि कात यांतली तुरट द्रव्ये दातावरच्या पातळ लाळेच्या थराला धरून बसतात आणि वर्षानुवर्षे गडद होत जातात. विडा म्हणजे पाहुणचार, मान आणि निरोपाची खूण. दरबारात विडा दिला की भेट संपली. रंगलेले तोंड हे खात्यापित्या घराचे लक्षण होते, आणि ब्रह्मचारी, संन्यासी व विधवा यांना तांबूल वर्ज्य असल्यामुळे ते गृहस्थीचेही लक्षण ठरले. पान खाणाऱ्याच्या चंचीला किंवा कनवटीला एक लहानशी कडी अडकवलेली असे. तिच्यात दातकोरणे आणि कानकोरणे, ऐपतीप्रमाणे पितळेचे, चांदीचे. दातांत अडकलेली सुपारी काढायची सोय होती. रंग काढायची गरज कुणाला वाटत नव्हती.

दातवणाने हीच वृत्ती पुरती उघड केली. सवाष्णीच्या साजात कुंकू, काजळ आणि हिरव्या चुड्याबरोबर दातवण असे. वाणाच्या ताटात फणी-करंड्याशेजारी त्याची पुडी ठेवली जाई. कृती घराघराची थोडी निराळी, पण गाभा एकच: एकीकडे हिरडा किंवा माजूफळ, दुसरीकडे हिराकस किंवा लोखंडाचा कीस. हिरड्यात आणि माजूफळात टॅनिन असते, हिराकस हे लोहाचे क्षार. दोन्ही ओलसर होऊन भेटले की लोहाचे टॅनेट तयार होते, ते गर्द काळे असते आणि पाण्यात विरघळत नाही. रंगारी याच जोडीने कापड काळे करत आणि लिहिण्याची शाईही या जोडीपासून बनत असे. दात आधी काडीने घासून कोरडे करायचे, पूड बोटाने हिरडीच्या कडेपासून दाबून चोळायची आणि काही वेळ खाणेपिणे टाळायचे. कुणाच्या फक्त फटी काळ्या होत, कुणाचे दात पूर्ण. तुरट द्रव्यांनी हिरड्या आवळल्या जात, त्यामुळे दात बळकट होतात असा समज रूढ झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. टॅनिन प्रथिनांना आकसवते आणि लोहाचा थर दाताच्या पृष्ठभागावर आम्लाला आडवा येतो.

उत्तर भारतात हाच प्रकार मिस्सी या नावाने चाले. जपानात विवाहित स्त्रिया आणि दरबारी लोक ओहागुरो करत. तिथेही लोखंड आंबवून काढलेला अर्क आणि माजूफळासारख्या गाठींची पूड हीच जोडी होती. 1870 मध्ये मेइजी शासनाने सरदार घराण्यांना दात काळे करण्याची मनाई केली आणि 1873 मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली. त्यानंतर ती चाल झपाट्याने ओसरली. महाराष्ट्रात असा कुठलाही हुकूम निघाला नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, शहरी नोकरदार घरांत नवऱ्याची आवड बदलली, छायाचित्रे काढली जाऊ लागली, आणि दातवण आजीच्या पिढीबरोबर मागे पडले. वाणाच्या ताटातली पुडी त्यानंतरही काही काळ राहिली. वस्तू जाते पण तिचे स्थान तसेच राहते, असे रीतिभातीत अनेकदा घडते.

मशेरीचा इतिहास वेगळा आणि अधिक क्लेशकारक आहे. तंबाखू पोर्तुगिजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणला. विजापूरला वकील म्हणून गेलेल्या असद बेगने सतराव्या शतकाच्या आरंभी तिथून तो अकबराच्या दरबारात नेला, म्हणजे दख्खनमध्ये तो त्याआधीच रुळला होता. 1617 मध्ये जहांगीराने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली; तिचा फारसा परिणाम झाला नाही. ओढण्याचा आणि चघळण्याचा मान पुरुषांकडे गेला. स्त्रियांच्या वाट्याला तंबाखू आला तो दात घासायचे औषध म्हणून, आणि औषधाला कुणी हरकत घेत नाही.

मशेरी करायची रीत सोपी होती. चुलीवर लोखंडी तवा तापवायचा, त्यावर तंबाखूची पाने पसरायची आणि ती काळी होऊन चुरचुरीपर्यंत भाजायची. घरभर ठसका सुटे. मग पाने हाताने कुस्करून वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. सकाळी परसात किंवा ओसरीच्या कडेला बसून चिमूटभर पूड तर्जनीवर घेऊन ती दातांवरून, हिरड्यांवरून सावकाश फिरवायची. दात दोन मिनिटांत घासून होतात, मशेरी पंधरावीस मिनिटे चाले. हिरडीची त्वचा नाजूक असते, तिच्यातून निकोटीन सरळ रक्तात उतरते आणि बरे वाटते. मग दुपारी जेवणानंतर एकदा, संध्याकाळी एकदा, शेतावर डबी कमरेला. घरातल्या पुरुषांदेखत विडी ओढणे ज्या बाईला स्वप्नातही शक्य नव्हते, तिला मशेरीसाठी कुणाची परवानगी लागत नसे. दिवसातला तो एक काळ तिचा स्वतःचा असे, आणि म्हणूनच व्यसन सुटणे आणखी अवघड होते.

दातांवर त्याची खूण ठरलेली असते. हिरडीच्या कडेने तपकिरी ते काळी रेघ बसते, फटी गडद होतात, खडबडीत पृष्ठभागावर डाग खोल जातो. डाग दिसला की बाई अधिक मशेरी लावते, कारण तिच्या लेखी ते दात साफ करण्याचे साधन आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी केली आणि 1972 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले कर्करोगपूर्व पांढरे चट्टे यांचा संबंध त्यात तपासला होता. पुढे 2004 मध्ये मुंबईतल्या 1,217 गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी जन्मली, आणि त्या स्त्रियांतली बहुसंख्य मशेरी लावणारी होती. दातांच्या डागापेक्षा हा डाग मोठा.

केंद्र सरकारने 30 एप्रिल 1992 रोजी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली अधिसूचना काढून तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांच्या उत्पादनाला आणि विक्रीला मनाई केली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोचला. घरच्या तव्यावर भाजलेल्या पानांपर्यंत तो पोचण्यासारखा नव्हताच.

ज्यांना तंबाखू नको होता त्यांच्यासाठी राखुंडी होती. गोवरीची राख, कोळशाची पूड, भाताच्या तुसाची राख, त्यात चिमूटभर मीठ. कुणी हौशी असेल तर बदामाच्या टरफलांचा कोळसा. काही घरांत विटेची पूडही चाले. या सगळ्यांनी दात तेव्हापुरते खरोखर पांढरे दिसतात, कारण डाग घासला जातो. पण खरखरीत पूड डागाबरोबर दातही घासते. दाताचे वरचे आवरण शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असले, तरी भाताच्या तुसाच्या राखेत आणि विटेत जी सिलिका असते ती त्याहून कठीण. आवरण एकदा झिजले की पुन्हा येत नाही, आणि त्याखालचे दंतिन मुळातच पिवळसर असते. दात जितके जोरात घासावेत तितके ते पिवळे होत जातात, हे कोडे पुष्कळ घरांत कुणाला उलगडले नाही. ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकले गेले. हिरडीलगत दातांना पडलेल्या खाचा आणि त्यातून गार पाण्याने उठणारी कळ ही राखुंडीची दुसरी देणगी.

डबीतले तयार मंजन हा विसाव्या शतकाचा व्यापार. गावोगाव फिरणारे वैदू आणि जत्रेतले मंजनवाले आधीपासून पुड्या विकत होतेच. मोठा आवाज, किडलेल्या दातांची माळ आणि गर्दीतल्याच एकाला पुढे बोलावून त्याचे दोन दात चकचकीत करून दाखवणे, एवढे भांडवल पुरत असे. हे चकचकीत करणे कधी खरखरीत पुडीने होई, कधी आम्लाने. आम्लाचा चमत्कार तात्काळ दिसे आणि त्याचे परिणाम मंजनवाला पुढच्या गावी पोचल्यावर. कारखान्यांनी पुढे याच मालाला बूड दिले. माकड छाप काळ्या पावडरीची डबी महाराष्ट्रात घरोघर पोचली. रंगाने ती कोळशाचीच वारस होती, पण बारीक दळलेली आणि सुगंधी. लाल दंतमंजनात मुख्य भाग गेरूचा. त्यावर लवंग, कापूर, पुदिना यांचा मारा. थुंकी लाल पडे आणि त्यामुळे मंजन काम करते आहे अशी खात्री पटे.

1952 साली केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत परळला विको कंपनी सुरू केली. वज्रदंती आधी पावडर म्हणून आली, पेस्ट नंतर. दारोदार जाऊन पावडर विकण्यापासून सुरुवात करून मराठी माणसाने उभा केलेला हा धंदा पुढे कायद्याच्या पुस्तकांतही गेला, कारण आयुर्वेदिक मंजन हे औषध की प्रसाधन यावर अबकारी कराचा मोठा फरक पडत होता. विकोच्या उत्पादनांना अखेर औषध म्हणून मान्यता मिळाली. नागपूरच्या अबकारी खात्याशी झालेल्या अशाच वादात वैद्यनाथच्या लाल मंजनाला मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकात प्रसाधन ठरवले. गिऱ्हाईक ते दात घासायला विकत घेते, दुखण्यावर उपचार म्हणून नव्हे, असा त्यामागचा विचार होता. शेकडो वर्षे दातवण ज्या सीमारेषेवर उभे होते, तिच्यावर शेवटी न्यायालयात बोट ठेवले गेले.

पेस्टचा मूळ कारभार अमेरिकेचा. कोलगेटने 1873 मध्ये बरणीतून आणि 1896 मध्ये नळीतून पेस्ट विकायला काढली. भारतात कंपनी 1937 मध्ये नोंदली गेली. कलकत्ता केमिकलची नीम टूथपेस्ट स्वदेशीच्या बाजूने उभी होती. पण पेस्टची सवय लावली ती रेडिओने. 1952 मध्येच आकाशवाणीचे खाते बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आले आणि हिंदी चित्रपटगीतांना तिथे जवळपास दार बंद झाले. ती गाणी रेडिओ सिलोनवर गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झालेल्या गीतमालेला नाव मिळाले बिनाका या टूथपेस्टचे. दर बुधवारी संध्याकाळी कोट्यवधी लोकांनी ते नाव ऐकले. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी जे केले त्याचा टूथपेस्टला इतका फायदा होईल, असे त्यांना वाटले नसावे.

पेस्टने एक चांगली गोष्ट केली: तिच्यातली घासणारी पूड मऊ होती. चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, दाताच्या आवरणापेक्षा बरीच मऊ असते. तिने डाग हळू निघतो, पण दात टिकतो. सोबत जाहिरातीने एक नवी चिंताही आणली. दुधासारखे पांढरे दात हा निरोगीपणाचा पुरावा मानला जाऊ लागला, वास्तविक निरोगी दाताचा नैसर्गिक रंग किंचित पिवळसरच असतो.

पेस्टने न निघणाऱ्या डागांचे उत्तर दंतवैद्यकाकडे होते, आणि ते इथे उशिरा आले. भारतातले पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्याला काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय 1933 मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा 1948 चा. त्याआधी दात म्हणजे उपटण्याची गोष्ट होती. रंगाकडे लक्ष देण्याइतके दात तोंडात टिकायला हवेत, तरच ते पांढरे करण्याचा प्रश्न येतो.

दात उजळवण्याचे रसायनशास्त्र परदेशात घडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन दंतवैद्यांनी मेलेल्या, काळवंडलेल्या दातांत क्लोरीनयुक्त चुना भरून पाहिला. 1818 मध्ये फ्रान्सच्या तेनारने शोधलेले हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच शतकाच्या अखेरीस दातांवर वापरले जाऊ लागले. ते सच्छिद्र आवरणातून आत झिरपते आणि रंगद्रव्यांचे मोठे रेणू तोडून त्यांना फिकट करते. दात खरवडला जात नाही. 1961 मध्ये मेलेल्या दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेट भरून रुग्णाला काही दिवस घरी पाठवण्याची रीत प्रसिद्ध झाली. सुश्रुताचा असाध्य श्यावदंत अशा तऱ्हेने साध्य झाला.

जिवंत दातांसाठीची सोपी पद्धत योगायोगाने सापडली. आर्कान्सा राज्यातल्या बिल क्लूसमायर या दंतवैद्याने 1968 च्या सुमारास हिरड्यांच्या सुजेसाठी रुग्णाच्या साच्यात 10 टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचे औषध घालून रात्रभर ठेवायला सांगितले. हिरड्या सुधारल्या आणि दातही उजळलेले दिसले. 1989 मध्ये हेवूड आणि हेमन यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि तेव्हापासून तीच जगभर रुळली. 10 टक्के कार्बमाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. दवाखान्यात 35 टक्क्यांपर्यंतचे द्रावण हिरड्या झाकून लावतात; काम तासाभरात होते, पण दात काही दिवस शिवशिवतात. युरोपीय संघाने 2012 पासून 0.1 टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइड असलेली उत्पादने थेट गिऱ्हाइकाला विकायला मनाई केली. 6 टक्क्यांपर्यंतची दंतवैद्याच्या हातूनच सुरू व्हावीत आणि 18 वर्षांखालच्यांसाठी नकोत, असा नियम केला.

महाराष्ट्रातल्या डागांपैकी सगळ्यांवर हा उपाय सारखा चालत नाही. विडा, चहा, मशेरी यांचे डाग बहुतांशी बाहेरचे असतात. ते दंतवैद्याकडे एकदा खरवडून आणि पॉलिश करून निघतात. आत मुरलेला थोडा भाग राहिला तर पेरॉक्साइड. सवय सुटली नाही तर काही महिन्यांत रेघ पुन्हा बसते. लहानपणी टेट्रासायक्लीन घेतलेल्यांचे करडे पट्टे फार हट्टी असतात. त्यांना महिनोन्‌महिने औषध लावावे लागते, नाहीतर दातांवर पातळ पापुद्रे चिकटवावे लागतात. आधीच बसवलेल्या कॅप किंवा भरलेले सिमेंट पेरॉक्साइडने उजळत नाही, त्यामुळे शेजारचे दात पांढरे आणि मधला जुन्याच रंगाचा अशी फसगत होते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत प्रश्न विहिरीच्या पाण्याचा आहे. खडकातले फ्लोराइड तिथल्या भूजलात उतरते. दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत मुलाने असे पाणी प्यायले, तर दात तयार होतानाच त्यावर खडूसारखे पांढरे आणि पुढे तपकिरी पट्टे उमटतात. अमेरिकेत कोलोराडोतल्या अशाच तपकिरी दातांचा शोध 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके यांनी सुरू केला आणि 1931 मध्ये पाण्यातले फ्लोराइड हे कारण निश्चित झाले. भारतात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 1 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. या डागांवर राखुंडी, मंजन, पेस्ट यांपैकी कशाचाच उपयोग नसतो. सौम्य डाग दंतवैद्य आम्लमिश्रित लेपाने वरचा अगदी पातळ थर घासून कमी करतात, मग पेरॉक्साइडने बाकीचा दात त्याच्या जवळ आणतात; खोल डाग झाकावेच लागतात. नव्या पिढीचे दात मात्र गावाला दुसरे पाणी मिळाले तरच वाचतात.

घरगुती उपायांत सध्या लिंबू-मीठ, खाण्याचा सोडा आणि कोळसा यांना पुन्हा बहर आला आहे. आवरण साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळू लागते आणि लिंबाचा रस 2 च्या आसपास असतो, म्हणजे लिंबू-मीठ चोळणे हे जत्रेतल्या मंजनवाल्याच्या आम्लाचेच घरगुती रूप. सोडा त्या मानाने मऊ. बाहेरचे डाग तो थोडे काढतो, आतल्या रंगाला हात लावत नाही. कोळशाची पेस्ट आता मोठ्या कंपन्यांच्या काळ्या नळीतून शंभर-दोनशे रुपयांना मिळते. तिने दातांचा मूळ रंग बदलतो असा भक्कम पुरावा नाही, आणि खरखरीतपणात तिच्यातल्या काही जाती राखुंडीच्या फार मागे नाहीत.